मिठाचा खड्डा

"ह्यो खड्डा कुणाचा काढताय, मास्तर?"

बनुबाई सोप्याच्या पायरीवर उभ्या होत्या. अंगणाच्या कोपऱ्यात मी कमरेइतके खोल खणले होते. तळाशी कोळसा पसरून झाला होता आणि नुकतेच मी त्यांच्याकडे पायलीभर मीठ मागितले होते.

"रेडिओचा," मी म्हणालो. "वरच्या तारेवर वीज पडली तर ती घरात न शिरता जमिनीत जावी, म्हणून तांब्याचा पत्रा पुरायचा. कोळसा आणि मीठ ओल धरून ठेवतात. वर रोज तांब्याभर पाणी घालायचे."

"मीठ घालून खड्ड्यात काय ठेवत्यात, ठावं हाय का तुमाला? माझी दोन म्हैन्यांची पोर मी तशीच ठेवलीया, वड्याच्या काठाला. माझा नाथाजी जिता हाय. त्याच्या दारात ह्यो खड्डा मी भरू द्याची न्हाई."

"आगं, मास्तर शिकल्यालं हायत," त्यांचे यजमान नानासो म्हणाले.

"शिकल्यालं हायत म्हणून इचारतीया. नसतं तर फावडंच काढून घेतलं असतं."

एकोणीसशे त्रेचाळीसचा वैशाख होता तो. तंत्रविद्यालयातून उत्तीर्ण होऊन मी सांगलीच्या एका दुकानात लागलो होतो आणि वाळव्याकडच्या गावांतून रेडिओसंच बसवून देत असे. बनुबाईंच्या मुलाची, नाथाजीची, पलटण सिंगापूरला शत्रूच्या हाती पडली, त्याला पंधरा महिने झाले होते. ठावठिकाणा लागत नाही, एवढेच सरकारी पत्र आले होते. रजेवर आलेल्या एका हवालदाराने सांगितले की, पूर्वेकडच्या एका केंद्रावरून दिवेलागणीला कैदी शिपायांची नावे वाचतात. तेवढ्यासाठी नानासोंनी परवाना काढला आणि बैलगाडीत कडब्यावर ठेवून संच घरी आणला. त्या घराला गाणी ऐकायची नव्हती. एक नाव ऐकायचे होते.

जमिनीची जोडणी झाल्याखेरीज संच सुरू करायचा नाही, असा माझा नियम होता. तो विद्यालयात शिकवला होता. पण मी तो शिकलो नोकरीच्या पहिल्या वर्षी. एका घरी हे काम मी दुसऱ्या दिवसावर ठेवले. संध्याकाळी वळीव आला. घरच्या माणसाचा हात तेव्हा बटनावर होता. त्याचे नाव मला त्याच्या तेराव्यापर्यंत माहीत नव्हते.

म्हणून बनुबाईंना मी सांगितले, "मावशी, खड्डा नको तर विहीर दाखवा."

विहीर परड्यात होती. पत्रा मी तारेने पाण्यात खोल सोडला आणि तार बांबूंवरून घरापर्यंत आणली. खड्डा बुजवला. बॅटऱ्या चिमणीपासून दूर, कोनाड्यात ठेवल्या. आभाळ भरून आले की खांबावरचा खटका खाली ओढून एरियल थेट जमिनीच्या तारेला कसे जोडायचे, ते बनुबाईंकडून तीनदा करून घेतले. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "आवं मास्तर, म्हैस धरती मी. ह्यो काय लाथ मारतोय व्हय?"

संध्याकाळी संच सुरू केला. आधी खरखर, मग पाण्याखालून यावा तसा एक आवाज, आणि एकेक नाव. नाथाजी त्यात नव्हता. आवाज गेला, खरखर उरली.

"ह्यो कोण श्वास टाकतोय?" बनुबाईंनी विचारले.

"श्वास नव्हे, मावशी. लांब कुठे विजा चमकतात, त्यांचा आवाज येतो."

"लांब म्हंजी किती? तो हाय तितं?"

"तेवढ्या लांबचाही असू शकतो."

"मग ऱ्हाऊ द्या."

पुढे मी दर दोन महिन्यांनी तिथे जाई. नाथाजीची बायको अंजना नावे वाचायच्या वेळेच्या आत भाकऱ्या थापून घेई. नानासो बैलांच्या गळ्यातले घुंगूर काढून ठेवत. नावे संपली तरी कोणी उठत नसे. त्या खरखरीची कारणे मी वहीत चार पाने भरतील एवढी लिहू शकलो असतो. तरी एकदा तिच्यात मला कोणी श्वास आत ओढल्यासारखे वाटले आणि मी माझा स्वतःचा श्वास रोखून धरला. समोर बनुबाईंनीही रोखला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

लढाई संपली. बोटी भरभरून माणसे परतू लागली. शेहेचाळीसच्या चैत्रात अंजनाचा निरोप आला की, संच नुसताच कडकडतो आहे. मी गेलो आणि प्रथम विहिरीत पाहिले. पाणी आटले होते. पत्रा पाण्याच्या पुरुषभर वर, कोरडा, हवेत लटकत होता. पश्चिमेला आभाळ काळवंडले होते.

"नानासो, आता दोनच मार्ग आहेत," मी म्हणालो. "अंगणात खड्डा तरी काढायचा, नाहीतर एरियल आजच उतरवायचे."

नानासोंनी बनुबाईंकडे पाहिले. बनुबाई बोलल्या.

"परवा त्याच्या पलटणीतला सिद्धू येऊन गेला. कुटल्या बेटावर व्हतं म्हनं दोगं. तापानं गेला नाथाजी. सिद्धूनंच मूठमाती दिली. मीठ नव्हतं म्हनं तितं. खायालाबी नव्हतं."

मग म्हणाल्या, "काढा खड्डा."

मी खणू लागलो. जुना कोळसा वर आला. न सांगता अंजनाने मिठाचे मडकेच आणून काठावर ठेवले. बनुबाई पदर खोचून स्वतः खाली उतरल्या, विहिरीतून काढलेला पत्रा दोन्ही हातांवर घेतला आणि वर माझ्याकडे पाहिले.

"ह्येचं डोस्कं कुनीकडं करायचं?"

"कसेही ठेवले तरी चालते," मी म्हणालो. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग मी म्हणालो, "तुम्ही ठरवाल तसे, मावशी."

तार जोडलेली बाजू त्यांनी दक्षिणेला केली. मीठ मुठीमुठीने घातले. मडके रिकामे होईपर्यंत नानासो पाठ फिरवून उभे होते.

ढग न बरसताच पांगले, आणि त्या संध्याकाळी संच पूर्वी कधी बोलला नव्हता इतका स्वच्छ बोलला. कुणीतरी गुळाचे भाव सांगत होते. अंजना आत भाकऱ्या थापत होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी तपासणीला गेलो. संचावर धुतलेले फडके घातले होते. एरियल नानासोंनी उतरवून, वेटोळे करून खुंटीला अडकवले होते.

"बॅटऱ्या संपल्यात," ते म्हणाले. "नव्या नगं, मास्तर. आता काय ऐकायचं?"

विहीर त्या वर्षी महिनाभर आधीच आटली होती. गावाला नदीवरून पाणी आणावे लागत होते. अंगण तापून पांढरे पडले होते. कोपऱ्यातली हातभर जागा मात्र ओली होती आणि तिच्याभोवती सारवलेले होते.

"तुमी सांगितल्यापरमानं रोज तांब्याभर घालतोय," बनुबाई म्हणाल्या. "चुकत न्हाई न्हवं काय?"

संच बंद असला आणि एरियल उतरवलेले असले, तर त्या पाण्याची काही गरज नसते. हे त्या घरात मी एकटाच जाणत होतो.

"नाही, मावशी. बरोबर आहे."

मी गुडघ्यांवर बसलो. तारेच्या टोकावरचा हिरवा गंज कानशीने काढला, सांधा नीट पुसला आणि स्क्रू घट्ट आवळला. उठलो, तेव्हा अंजना माझ्या हातांवर घालायला पाणी घेऊन उभी होती.