नवऱ्याबद्दल काय सांगायचं

सत्त्याण्णव साली आम्ही मस्कतजवळ सीबला, तिथल्या जुन्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, राहायला आलो. खालच्या मजल्यावर मी आणि देवानंद, वर सादिक आणि त्याची बायको नसीबा. सादिक माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात सर्व्हेअर होता. दोघं कुठल्या देशाचे ते मी आजही लिहीत नाही, कारण नसीबाची आई अजून तिथे आहे. तिथे एकच पक्ष होता आणि त्या पक्षात एकच माणूस, एवढं पुरे.

एकदा तिचा डबा परत द्यायला वर गेले, तर दाराआड नवरा-बायकोचं बोलणं चालू होतं. अरबी मला थोडंफार कळायला लागलं होतं. सादिक म्हणत होता, "मटण महाग झालं म्हणून मी कुरकुरलो, असं सांग." नसीबा म्हणाली, "ते मागच्या वेळी झालं. या वेळी दुसरं काहीतरी दे."

मला पाहून ती दचकली. मग सादिक कामावर गेल्यावर स्वतःच खाली आली. आम्ही इंग्रजीत बोलायचो, मध्ये मध्ये हिंदी.

"सूकमध्ये बदरुद्दीनचं गालिच्यांचं दुकान आहे ना," ती म्हणाली, "तो आमच्या पक्षाचा माणूस. दर महिन्याला आम्हाला त्याच्याकडे जावं लागतं. वेगवेगळं. सादिकने माझ्याबद्दल सांगायचं, मी सादिकबद्दल."

"आणि नाही गेलं तर?"

"माझी आई तिथे आहे. सादिकचा भाऊ तिथे आहे."

"मग सगळं चांगलं सांगा की."

"फक्त चांगलं सांगितलं की संशय येतो. थोडी तक्रार लागते. म्हणून आधी घरी तालीम करतो."

मला हसू आलं. ती हसली नाही.

पुढच्या वर्षी चौदा एप्रिलला मस्कतमधल्या आपल्या लोकांनी एका हॉलमध्ये जयंती केली. मी नसीबाला सोबत नेलं. भाषणं झाली, भीमगीतं झाली आणि मग पुढच्या वर्षीच्या अध्यक्षावरून जे भांडण जुंपलं, ते जेवणाची पानं मांडली तरी थांबेना. एकनाथ वानखेडे माईकवरून देवानंदना म्हणाले, "तुम्हाला हिशेबातलं काही कळत नाही." देवानंद म्हणाले, "तुम्हाला माणसातलं कळत नाही." पाच मिनिटांनी दोघं शेजारी बसून पुऱ्या खात होते.

नसीबा घाबरीघुबरी झाली होती. गाडीत तिने विचारलं, "उद्या ते एकनाथ घरी असतील ना?"

"म्हणजे? कुठे जाणार?"

मग तिने वडिलांची गोष्ट सांगितली. वडील वकील होते, पक्षातले जुने. आता देश चालवणारा तो माणूस तेव्हा पक्षाच्या कचेरीत नेमणुका बघायचा. कोणाला कुठे शिक्षक करायचं, कोणाला तहसीलला बसवायचं, असलं कंटाळवाणं काम. मोठे पुढारी भाषणं करत फिरायचे आणि हा माणसं बसवत राहायचा. पोरांच्या नोकऱ्यांसाठी सगळे त्याच्याकडेच जायचे. तिच्या थोरल्या भावालाही त्यानेच चिकटवलं. पुढे सरहद्दीवर गोळीबार सुरू झाला. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. देश संकटात आहे, तेव्हा एक वर्षभर बाकीचे पक्ष बंद ठेवावेत, असा ठराव आला.

"बाबांनी हात वर केला," नसीबा म्हणाली. "मनापासून केला. एका वर्षाने काय होतंय, म्हणाले. मग पक्षातल्या पक्षात जे त्या माणसाच्या विरोधात होते त्यांची चौकशी लागली. प्रत्येकावर आरोप करायला त्याच्याच मित्राला उभं करायचे. एकदा मित्राविरुद्ध बोललेला माणूस परत कुठल्या तोंडाने विरोध करणार? बाबाही बोलले. त्यानंतर ते घरात कोणाशी डोळे वर करून बोलत नसत."

ते एक वर्ष कधी संपलंच नाही.

पुढच्या हिवाळ्यात सादिकच्या भावाला तिकडे धरून नेलं. तो शाळामास्तर होता. का नेलं, कुठे नेलं, काही कळलं नाही. आम्ही वर भेटायला गेलो. सादिक एका कोपऱ्यात, नसीबा दुसऱ्या. मधल्या चटईवर खजूर तसाच पडलेला. वाटलं, दुःखाने बोलत नसतील.

पण महिने गेले तरी तेच. वरून तालमीचा आवाज येईना. कुठलाच आवाज येईना.

शेवटी एका संध्याकाळी समुद्रावर फिरताना मी तिला खोदून विचारलं. ती आधी मागे वळून बघत राहिली. मग म्हणाली, "बदरुद्दीन मला म्हणाला, तुझा नवरा शहाणा आहे. तुझं काय चाललंय ते त्याने वेळेवर सांगितलं, म्हणून तू सांभाळली गेलीस."

"काय सांगितलं त्याने?"

"ते तो बोलला नाही. पण आम्ही ठरवलेल्या तक्रारीवरून कोणी असं म्हणत नाही."

"अगं, मग सादिकलाच विचार ना सरळ!"

"मी विचारलं आणि तो पुढच्या महिन्यात जाऊन सांगून आला, की ही असं असं विचारत होती, तर?"

"सादिक असं करेल?"

"मला माहीत नाही, प्रणाली. आधी माहीत होतं."

मी म्हटलं, मी बोलते त्याच्याशी. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "तू एक शब्द बोललीस तर परत तोंड दाखवणार नाही."

त्याच आठवड्यात सूकमध्ये बदरुद्दीन मला भेटला. सौम्य बोलणारा, पांढरी स्वच्छ दाढी. म्हणाला, "तुमच्या वर आमच्या देशातली बहीण नसीबा राहते. बरी असते ना? दिसत नाही हल्ली." मी म्हटलं, बरी आहे. मग वाटलं, बरी आहे म्हटलं तर काही वेगळा अर्थ निघेल का? म्हणून म्हटलं, थोडा खोकला आहे. तिला खोकला नव्हता. घरी आल्यावर नसीबाला सांगून ठेवलं, त्याने विचारलं तर थोडा खोकला आहे म्हण.

देवानंदना सांगितलं. त्यांनी उठून खिडकी लावली. "आपला व्हिसा अर्बाबच्या हातात," ते म्हणाले. "उद्या कोणी त्या मालकाच्या कानाला लागलं तर आपली रवानगी नागपूरला. आपण यात पडायचं नाही."

"म्हणजे गप्प बसायचं? तुम्ही सांगताय हे?"

"हळू बोल," ते म्हणाले.

आम्ही दोघांनीही वर छताकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही स्वतःच्या स्वयंपाकघरात कुजबुजत होतो.

अशी वर्षं गेली. वरची दोघं एका ताटात जेवायची, ईदला एकत्र आमच्याकडे यायची आणि एकमेकांकडे न बघता बोलायची. दर महिन्याला वेगवेगळी सूकमध्ये जाऊन यायची.

दोन हजार चार साली त्यांच्या देशातल्या त्या माणसाची सत्ता गेली. लष्करातल्याच लोकांनी त्याला हटवलं. टीव्हीवर लोक रस्त्यात नाचत होते. देवानंद हलव्याचा डबा घेऊन वर गेले आणि दोघांना खाली घेऊन आले. आमच्या दिवाणखान्यात, आमच्यादेखत, सादिकने बायकोला विचारलं. दोघंच असती तर त्याला जमलं नसतं असं मला वाटतं.

"माझ्या भावाबद्दल तू बदरुद्दीनला काही बोलली होतीस? त्याने मला सांगितलं, की खबर माझ्या घरातूनच गेली."

नसीबा म्हणाली, "नाही. तू माझ्याबद्दल काय सांगितलं होतंस?"

"जे ठरवायचो तेवढंच."

दोघं खरं बोलतायत, हे मला दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सादिक देवानंदना घेऊन बदरुद्दीनच्या दुकानात गेला. दुकान उघडंच होतं. भिंतीवरचा त्या माणसाचा फोटो काढला होता. तिथे मक्केचं चित्र होतं. बदरुद्दीनने दोघांना बसवलं, कपांत काहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला.

"कोणी सांगितलं होतं?" सादिकने विचारलं.

"कोणीच नाही," बदरुद्दीन शांतपणे म्हणाला. "तुझ्या भावाला तिकडच्या कुठल्या तरी भांडणात नेलं. मला ते इथे कळवलं, एवढंच. मी दोघांनाही म्हणालो, खबर तुमच्या घरातूनच आली. सगळ्याच नवरा-बायकोंना म्हणायचो. वरून तसंच सांगितलेलं होतं. दोघांचं पटलं की ती तिसऱ्याला भीत नाहीत."

देवानंद सांगतात, सादिकची मूठ वळली होती. पण बदरुद्दीनने कप पुढे केला आणि सादिकने तो घेतला, प्याला. इतक्या वर्षांची सवय. रस्त्यावर आल्यावर त्याने गटाराशी बसून सगळं ओकून टाकलं.

घरी येताच तो धावत जिने चढला. मी तेव्हा वरच होते, नसीबाला भाजी निवडू लागत होते. धापा टाकत त्याने सगळं सांगितलं. म्हणाला, "ऐकलंस ना? कोणीच नाही. तूही नाही, मीही नाही."

नसीबाने हातातली जुडी खाली ठेवली.

"कोणी सांगितलं हे तुला?"

"बदरुद्दीनने."

"आणि त्याच्या शब्दावर आता आपण विश्वास ठेवायचा?"

सादिक तिच्यासमोर जमिनीवर बसला. मी उठले आणि खाली आले.

पुढच्या वर्षी सादिकला किनाऱ्यावरच्या सूर गावी नोकरी लागली. दोघं एकत्रच गेली. सामान चढवताना तो तिला म्हणाला, पुढे बस, मागे ऊन लागेल. ती पुढे बसली. नसीबाचा अधूनमधून फोन येतो. समुद्राचं सांगते, आईच्या तब्येतीचं सांगते. सादिक कसा आहे विचारलं की म्हणते, "बरा आहे. थोडा खोकला आहे."