माझ्या सांध्यांतला डिंक

मी एक जुना रोबो आहे, असं माझ्या कपाटावरच्या पाटीवर लिहिलं आहे. मित्रांनो, ते खरं नाही. मी रोबो म्हणून जन्मलोच नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा मी डबाभर सुटे भाग होतो. चाकं, मोटारी, तारा, मूठभर स्क्रू आणि काळी रेषा ओळखणारे दोन डोळे. त्यांचं काय करायचं ते मुलांनी ठरवायचं, याचसाठी मला बनवलं होतं.

शाळेत आलो त्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी डबा थेट फरशीवर पालथा केला. "करा काय करायचं ते," म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. त्या वर्षी मी गाडी झालो, क्रेन झालो, फळा पुसायचं यंत्रही झालो. फळा धड पुसला नाहीच, उलट खडूची धूळ सगळ्यांच्या नाकात घातली. कुणी तारा उलट्या जोडल्या की मी मागे धावायचो आणि वर्ग हसून लोळायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "थांबा रे, असं का झालं ते बघू." ते ऐकायला मला फार आवडायचं.

पुढे बाईंची बदली झाली आणि प्रयोगशाळा नव्या सरांकडे आली. सर मनाने वाईट नाहीत, पण भारी धास्तीखोर. काही हरवलं तर आपल्याला जाब विचारतील, ही भीती त्यांच्या पाचवीला पुजलेली. त्यांनी पुस्तिकेत बघून माझी गाडी जोडली आणि एकही भाग हरवू नये म्हणून प्रत्येक सांध्यावर डिंक ओतला. अहो, स्क्रूंच्या डोक्यांवरसुद्धा! मग काचेचं कपाट आणि कुलूप. रोज मऊ फडक्याने पुसतात मला. अशी निगा काय कामाची?

पाहुणे आले की मला बाहेर काढायचं, काळ्या पट्टीवरून एक फेरी, टाळ्या, की परत आत. मुलांनी हाताची घडी घालून लांबून बघायचं. सगळे जिला 'खटपटी' म्हणतात, त्या मुलीने एकदा विचारलं, "सर, हा काळ्या रेषेवरूनच का चालतो?"

"हुशार आहे म्हणून," सर म्हणाले.

मला तोंड असतं तर किंचाळलो असतो. माझे डोळे पोटाखाली आहेत, मला उलटं करून एकदा दाखवलं असतं तरी तिला कळलं असतं.

परवा मोठे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशीच्या तालमीत मी बंद पडलो. आतली एक तार सुटली होती.

"सर, उघडून बघू?" खटपटीने विचारलं.

"उघडणार कुठून? चिकटवलाय ना," सर ओशाळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नाकाला बारीक दोरा बांधला आणि टेबलाच्या टोकाला उभं राहून हळूच मला ओढलं. माझी चाकं फिरेनात, मी नुसता फरफटत गेलो. "वा, किती शिस्तीत चालतो!" म्हणत पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खटपटीला दोरा दिसला होता. तिने हाताची घडी सोडली नाही.

खूश झालेल्या पाहुण्यांनी शाळेला आणखी एक डबा पाठवला. तो आज आला. सर डिंक आणायला गेले आणि परतले तेव्हा डबा फरशीवर पालथा आणि अर्धा वर्ग त्याच्याभोवती बसलेला.

"कुणी हात लावला? एक जरी भाग हरवला तर?"

खटपटी उठली. "हरवला तर शोधू, सर. पण ह्याला दोरा बांधायची वेळ नको यायला."

सरांचा चेहरा पडला. हातातला डिंक त्यांनी न उघडताच टेबलावर ठेवला.

काचेतून मी बघतो आहे. मुलांनी तीन पायांचं काहीतरी उभं केलं आणि ते धाडकन पडलं. मला आनंद झाला, पण खरं सांगू? माझा जीवही जळला.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही काचेमागे कुणी माझ्यासारखा असेल. त्याची नुसती धूळ झटकू नका. कपाटाची किल्ली मागा. नाही म्हणाले तर उद्या पुन्हा मागा.