ओकवरची अकरावी खूण

टिनकपच्या घळीत सगळ्यांना सोनं हवं होतं आणि आज वार कोणता, हे एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरज एवढीच, की रविवारी खणायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. रविवारी सदरे धुवायचे, पाव भाजायचा, घरी पत्र लिहायचं. वार मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझ्याकडे चांगला चाकू होता आणि मी व्हरमाँटचा, म्हणजे शिकलेला, असा इथल्यांचा समज होता. रोज सकाळी तंबूसमोरच्या ओकच्या झाडावर मी एक खूण कापायचो, रविवारची जरा लांब. लांब खूण दिसली की चाळीस माणसं सदरे काखेत मारून ओढ्यावर हजर. माझ्याबद्दल एवढा आदर आयुष्यात कोणी दाखवला नव्हता.

दुसरा नियम पाइनच्या झाडावर ठोकलेल्या कागदावर होता. खड्डा सोडून कुठे जायचं तर कुदळ-फावडं आत ठेवून जायचं. हत्यार आत आहे तोवर खड्डा तुमचा, कोणी पाय ठेवायचा नाही. मात्र दहा दिवसांत परत यायचं. अकराव्या दिवशी जो आत उतरेल, खड्डा त्याचा.

ओबेद स्टार्क गेला तो रविवारीच. देवमाशांची शिकार करणारं जहाज सोडून तो आणि त्याचा धाकटा भाऊ इकडे आले होते. पाच आठवडे दोघांनी मिळून बैलाएवढे धोंडे उपसले आणि खालच्या कातळापासून हातभर अंतरावर पोचले. सोनं असलंच तर त्या कातळाच्या भेगांत असतं. नेमका तेव्हाच भाऊ पीठ आणायला खालच्या नदीवर गेला आणि तिथे आजारी पडल्याचा निरोप आला. ओबेदनं हत्यारं खड्ड्यात उभी केली, माझ्या ओककडे एक नजर टाकली आणि चालू लागला.

मंगळवारी रात्री मला हिवतापानं धरलं. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. तंबूच्या कापडातून ऊन दिसायचं, मग दिसायचं नाही, मग पुन्हा दिसायचं, आणि मधे कधी तरी माझी मेलेली आई पायाशी बसून वाटाणे सोलत होती. खरं माणूस तिथे एकच होतं, शेजारच्या खड्ड्यातला जेप्था ग्रिम्स. मिसुरीचा हा लांबटांग्या माणूस फुटक्या नशिबाचा. त्याच्या खड्ड्यात पाण्याशिवाय काही लागत नव्हतं. त्यानं मला घेवड्याचं पाणी पाजलं, स्वतःचं कांबळं माझ्यावर टाकलं. तो नसता तर मी मेलोच असतो, यात मला शंका नाही.

ताप उतरल्यावर पहिला विचार झाडाचा आला. मी किती दिवस पडून होतो? तीन, असं आमचं बोलणं झालं. मी लटपटत गेलो आणि एकदम तीन खुणा कापल्या. पुढे रोजची एक.

रविवारनंतरची अकरावी खूण मी कापली, त्या सकाळी जेप्था झाडापाशी आला. बोट लावून खुणा मोजल्या. मग तो ओबेदच्या खड्ड्यात उतरला आणि ओबेदची हत्यारं काठावर ठेवली. दुपारी ओबेद आला. एकटाच आला. भावाला त्यानं नदीकाठी पुरलं होतं.

तासाभरात सगळी छावणी पाइनखाली जमली. मेजर नावाचा केंटकीचा म्हातारा निवाडा करायला पिंपावर बसला. तो मेजर कधी कुठल्या फौजेत होता, हे कोणी विचारत नसे. ओबेदनं खिशातून दोरी काढली. जहाजावरच्या सवयीनं तो रोज एक गाठ मारत होता. गाठी नऊ होत्या.

मग जो गोंधळ माजला तो काय सांगू. कॉर्नवॉलचा पेनरोज म्हणाला की तो रोज खारवलेल्या डुकराचा एक तुकडा खातो, त्या हिशेबानं बारा दिवस झाले. एका दिवशी त्यानं दोन खाल्ले होते, हे त्याच्याच सोबत्यानं चव्हाट्यावर आणलं. चिलीचा माणूस कुठल्याशा संताच्या सणावरून आठ सांगत होता. एकानं तर महिनाच वेगळा सांगितला आणि त्यावरून दोघांची जुंपली. शेवटी मेजर वैतागला.

"पुरे झालं. झाड काय म्हणतं? टटल, तू सांग. खुणा बरोबर आहेत?"

चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. अकरातल्या तीन खुणा अंदाजाच्या आहेत, हे फक्त मला आणि जेप्थाला माहीत होतं. तीनऐवजी दोन असत्या, तर आज दहावा दिवस आणि खड्डा ओबेदचा. पण दोन होत्या का? मला खरंच माहीत नव्हतं. आणि तीन हा आकडा जेप्थाचा आहे असं मी बोललो, तर ज्यानं मला जगवलं त्याला सगळ्यांसमोर लबाड ठरवल्यासारखं होणार. जेप्था बुटांकडे बघत होता. मला लाज वाटते, पण त्या क्षणी मला फक्त सगळ्यांनी दुसरीकडे बघावं असं वाटत होतं.

"बरोबर आहेत," मी म्हणालो.

हात वर झाले, खड्डा जेप्थाला गेला. ओबेद भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. कुदळ-फावडं खांद्यावर टाकून तो माझ्याकडे आला.

"तुझं झाड चुकायचं नाही, टटल," तो म्हणाला. "मीच चुकलो असेन. त्याला पुरून झाल्यावर तिथेच बसलो होतो. एक रात्र बसलो की दोन, मला कळलं नाही. गाठ मारायची राहिली असेल."

तो डोंगर चढून पलीकडे दिसेनासा झाला.

तीन-चार रविवारांनी सामानाची खेचरं घेऊन एक माणूस आला. आम्ही सगळे ओढ्यावर सदरे बडवत होतो. बुधवारी ही कसली धुणी काढलीत, म्हणून तो हसायला लागला आणि त्यानं वर्तमानपत्रच दाखवलं. मी तारखा उलटसुलट लावून पाहिल्या. आमचा वार हिवाळ्यात बर्फ पडला तेव्हापासूनच चुकत आला होता की तापाच्या दिवसांत चुकला, ते त्यातून निघेना. सगळ्या छावणीला गंमत वाटली. मी ओला सदरा तसाच खडकावर टाकून जेप्थाकडे गेलो.

तो कातळाच्या भेगा चमच्यानं खरवडत होता. त्याच्या परातीत पिवळं चमकत होतं. फार नाही, पण होतं.

"जेप्था, खरं सांग. मी तीनच दिवस पडून होतो का? तीन तूच म्हणालास."

त्यानं चमचा खाली ठेवला.

"मी? तू म्हणालास. 'तीन दिवस झाले ना रे?' असं विचारलंस. मी म्हटलं, असतील. मी काय मोजत बसलो होतो, टटल? मला वाटत होतं तू मरतोयस."

मी आठवायचा प्रयत्न केला. तीन हा शब्द ऐकू येत होता, आवाज कोणाचा ते कळत नव्हतं. कधी त्याचा वाटे, कधी माझा, एकदा तर आईचा. जेप्था खोटं बोलत नव्हता, एवढं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. म्हणजे खड्डा त्यानं घेतला नव्हता, मी दिला होता. वर पुन्हा बरोबर आहेत म्हणून सांगितलं होतं.

मी माझ्या खड्ड्यात कुदळ आणि फावडं उभं केलं, थोडा पाव नि कांबळं बांधलं. जेप्था ओकपर्यंत माझ्या मागोमाग आला.

"त्याला शोधायला?"

"हो."

"सापडला तर त्याला सांग..." तो थांबला. "दहा दिवसांत ये, टटल. नियम तोच आहे."

"मोजणार कोण?" मी विचारलं आणि चाकू त्याच्यापुढे धरला.

त्यानं हात पुढे केला नाही. दोन्ही हात मागे घेऊन तो नुसता झाडाकडे बघत राहिला. मी चाकू शेवटच्या खुणेखाली खुपसला आणि निघालो.