भुशाच्या शेगडीवरचा कोबी

मित्रांनो, मी एक जुनं बिडाचं भांडं आहे. ही गोष्ट १९६८ सालची, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांच्या एका घरातली.

माझा जन्म उद्यमनगरच्या फाउंड्रीत झाला. तिथं खरं तर इंजिनाचे भाग ओतत. मीरासाब साचेकारांनी वाळूत साखर कारखान्याची मळी कालवून माझा साचा बांधला, त्यात वितळलेल्या लोखंडाचा लालभडक रस ओतला आणि मला जड झाकण दिलं. ते स्वतः डुकराचं मांस खात नसत. माझ्यात काय शिजणार हे मात्र त्यांना ठाऊक होतं.

"आत काय शिजवायचं ते तुझं तू बघ, आकाराम," ते म्हणाले, "पर ह्या झाकनातनं वाफ गेली तर मीरासाब म्हणू नगंस!"

मला करवून घेणारा आकाराम तिथलाच कारागीर. मालकांनी त्याला वर्षभर जर्मनीला शिकायला धाडलं होतं. तिथली घरमालकीण दर रविवारी आंबवलेल्या कोबीत डुकराचं मांस घालून चार तास मंद आचेवर शिजवायची. परत आल्यापासून त्याचं कशातच मन लागेना. जेवता जेवता उठायचा, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचा. तिकडच्या कारखान्याचं पत्र आलं होतं, नोकरी आहे, महिन्यात कळवा. ते खिशातून काढायचा, वाचायचा, पुन्हा ठेवायचा.

त्याची बायको बयाबाई हे बघत होती. तिनं ठरवलं, हितंच ती चव मिळाली तर कशाला जातील?

कोबी चिरून, मीठ चोळून वीस दिवस बरणीत दाबून ठेवला. शेजारीण नाकाला पदर लावून यायची. "बया, काय मेलंय गं तुमच्यात?"

"परदेशी लोणचं हाय," बयाबाई म्हणायची.

तिचा भाऊ गुंडू गडहिंग्लजच्या एसटीनं स्वतः शिकार केलेल्या रानडुकराची मांडी पोत्यात गुंडाळून घेऊन आला. बयाबाईनं मला चुलीवर चढवलं आणि रश्श्याला घालतात तसा जाळ घातला. सगळं माझ्या बुडाला करपलं.

"दाजी, ह्येच्यापरास चप्पल चावू की!" गुंडू म्हणाला.

पुन्हा मांडी आली, पुन्हा करपली. तिसऱ्या खेपेला बयाबाईला भुशाची शेगडी सुचली. तिनं फाउंड्रीत साच्यांसाठी लाकडी नमुने करणाऱ्या सुतारांकडून भुसा आणला, मधोमध बाटली उभी धरून तो ठासून भरला, बाटली अलगद उपसली. राहिलेल्या भोकातून विस्तव धुमसत राहिला. जाळ नाही, नुसती मंद धग.

सकाळपासून मी शेगडीवर. आकाराम घटकेघटकेला झाकणाला हात घालायचा.

"अवो, हात काढा! बाळंतिणीच्या खोलीत डोकावल्यागत काय करताय सारखं?"

तो अंगणात जायचा, परत यायचा. मीही आतून अस्वस्थच होतो. चरबी हळूहळू कोबीत विरत होती, आणि वाफ धरून ठेवायची होती.

दुपारी झाकण उघडलं. पहिल्याच घासाला आकारामचा हात थांबला.

"बये, अगदी तस्संच झालंय गं."

बयाबाईचा चेहरा फुलला. तिला वाटलं, जिंकलं. त्यानं दोनदा वाढून घेतलं, हात धुतले आणि त्या पत्राला उत्तर लिहायला कागद मागितला.

"चव आली आन् समदं तिकडचं डोळ्यापुढं उभं ऱ्हायलं," तो खाली मान घालून म्हणाला. "आता न्हाय ऱ्हाववत. दोनच वर्सं."

बयाबाई उठली. तिनं मला घासलं आणि न पुसता तसंच ओलं माळ्यावर टाकलं.

दोन वर्षांची सोळा झाली. मीरासाब एकोणऐंशी साली वारले. त्यांचे लाकडी नमुने अजून त्यांचा मुलगा वापरतो. शिकारबंदी आल्यावर गुंडूनं बंदूक विकून ऊस लावला. आकाराम तीन वर्षांनी एकदा यायचा, माझ्याकडं बोट दाखवायचा. "कर की एकदा." बयाबाई म्हणायची, "भुसा मिळत न्हाय." उद्यमनगरात भुशाचे ढीग पडलेले असायचे. मला मात्र गंज चढत होता. मित्रांनो, बिडाचं भांडं कितीही राग आला तरी ओलं ठेवू नका. पुसा, तेलाचं बोट फिरवा. आम्ही पडून पडून खराब होतो.

चौऱ्याऐंशी साली आकाराम कायमचा परतला, पांढऱ्या केसांनी, दुखऱ्या गुडघ्यांनी. दुसऱ्या दिवशी बयाबाईनं मला माळ्यावरून काढलं, वाळूनं खरवडलं, तेल लावलं आणि शेगडीत भुसा ठासायला बसली.

"आज कसा काय मिळाला गं भुसा?" आकारामनं विचारलं.

"मिळाला," ती म्हणाली. "आता कुठं जाताय तुमी?"