धाकटीचं पाणी

ठेंगूकाकू हे नाव ऐकून कुणी बुटकी बाई डोळ्यांसमोर आणली तर तो साफ फसला. काकू चांगल्या उंच होत्या. गच्चीच्या दारातून बाहेर पडताना त्यांना मान वाकवावी लागायची. ठेंगू होती ती त्यांची झाडं. गच्चीवरच्या लोखंडी मांडण्यांवर, पसरट कुंड्यांमधून, एका बाजूला वीतभर वड, हातभर उंबर, नांदरुक. आणि दुसऱ्या बाजूला उन्हात अंग शेकत बसलेली गुबगुबीत मंडळी, म्हणजे जेड, गोरखचिंच आणि अडेनियम. या गुबगुबीत मंडळींना काकू ‘खात्यापित्या घरची’ म्हणायच्या. खोडातच पाणी साठवून ठेवायची सवय असल्यामुळे त्यांना रोज कुणी विचारलं नाही तरी चालायचं, उलट तेच बरं पडायचं.

काकांची सगळी नोकरी पाणीखात्यात गेली. रस्त्यावरचं लोखंडी झाकण उघडायचं, लांब दांड्याची चावी आत घालून फिरवायची, या गल्लीचं पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं. लोक त्यांना चावीवाले म्हणत. पाच मिनिटं उशीर झाला तर शिव्या घालत, आणि पाणी वेळेवर आलं तर त्यांची आठवणही काढत नसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी चावी खात्याला परत केली आणि झारी हातात घेतली. कापणं, तारा गुंडाळणं, मुळं छाटणं काकूंकडे, आणि पाणी काकांकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं. संसारात अशा वाटण्या आपोआप होतात आणि मग दगडावरची रेघ होऊन बसतात.

पाण्याच्या बाबतीत काकूंनी नवऱ्यापुढे केव्हाच हात टेकले होते. काका कुंडी दोन्ही हातांनी जराशी उचलायचे, तोलायचे, आणि आज हिला नको म्हणून परत ठेवायचे. वडा-उंबराचं सोपं असतं. पाणी जास्त झालं तर ते खालच्या भोकातून सोडून देतात आणि कुरकुर करत नाहीत. अडेनियमचं तसं नाही. मुळं छाटली की जखमा सुकेपर्यंत त्याला पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. पानं गाळून झोपलं असेल तर त्याच्या वाटेलाही जायचं नाही. हे सगळं काकूंना काकांनीच शिकवलं होतं, आणि काकूंनी ते पुढे शिकायला येणाऱ्या बायकांना शिकवलं होतं.

मांडणीच्या टोकाला बसायची ती धाकटी. मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती तेव्हा बी पेरून केलेलं हे अडेनियम. एकुलत्या एका मुलीनेच त्याला धाकटी बहीण करून टाकलं होतं. पुढे मोठी झाल्यावर ती म्हणायची, आईने माझ्या वेणीकडे कधी एवढं लक्ष दिलं नाही जेवढं धाकटीच्या फांद्यांकडे दिलं. खोटं नव्हतं ते. दर वेळी कुंडी बदलताना काकू धाकटीला बोटभर वर उचलून लावायच्या, त्यामुळे तिची जाड मुळं मातीवर येऊन मांडी घातल्यासारखी पसरली होती. बुंधा घागरीएवढा, आणि वर छाटून छाटून दाट केलेला फांद्यांचा पसारा. ती फुलली की खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा बघायला यायची.

पहिला गेला तो एक जेड. काकूंनी खोड दाबून पाहिलं तर अंगठा आत गेला. पिकून उतरलेल्या फळासारखं झालं होतं. काकूंनी मातीला दोष दिला. पुढच्या खेपेला मातीत वाळू वाढवली. मग दोन अडेनियम गेली, तेव्हा विटेचा चुरा वाढवला. मग गोरखचिंच गेली, तेव्हा माती जवळजवळ काढूनच टाकली आणि नुसत्या खड्यांत झाडं बसवली. रोपवाटिकेवाला म्हणजे त्यांचा जुना शिष्य. त्याने कुंडीत हात घालून पाहिलं आणि म्हणाला, काकू, यात आता पाणी ठरायला जागाच नाही, तरी झाडं कुजतात म्हणजे नवलच. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचा तो प्रकार होता, पण चोर कोण हे काकूंच्या स्वप्नातही येत नव्हतं.

एका सकाळी त्या मांडणीमागे बसून वडाची तार कापत होत्या. काका आले, सगळ्यांना पाणी घालून गेले. खाली जाऊन चहा प्यायले. परत आले, झारी भरली आणि पुन्हा पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली. काकूंना वाटलं, गंमत करतायत. मग त्यांनी काकांचा चेहरा पाहिला. त्यावर गंमत नव्हती, दिवसाचं पहिलं काम करणाऱ्या माणसाचा उत्साह होता. कुंडी उचलून तोलणं बंद झालं होतं. तोलायची आठवण गेली होती आणि पाणी घालायची तेवढी राहिली होती. काकूंच्या हातातली पक्कड तशीच राहिली. त्या मांडणीमागून उठल्या नाहीत, कारण उठल्या असत्या तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते काकूंना त्या सकाळीच कळून चुकलं होतं. मुलगी दूरच्या शहरात असायची. फोनवर ती आधी रडली आणि मग शहाण्यासारखी बोलली. बाबांच्या हातातून झारी काढून घे, आई, तुझी आयुष्यभराची झाडं आहेत. काकूंना पटलं. त्यांनी झारी धान्याच्या डब्यांमागे लपवून ठेवली.

त्या दिवशी काका घरभर फिरले. पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं, न्हाणीघरात जाऊन आले. काय शोधताय म्हणून विचारलं तर काही नाही म्हणाले. त्यांना शब्द सापडत नव्हता की लाज वाटत होती, देव जाणे. दुपारी काकूंचा जरा डोळा लागला आणि तेवढ्यात दार उघडं टाकून ते गेले. कोपऱ्यावरच्या शिंप्याने त्यांना हाताला धरून परत आणलं. काका चौकातल्या लोखंडी झाकणाशी उभे होते, जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होते, जरा थांबा, सोडतोच आहे पाणी. गाड्या दोन्ही बाजूंनी जात होत्या. शिंपी काही हसला नाही. जाताना तो हळूच एवढंच म्हणाला, “काकांना रिकामं ठेवू नका, काकू.”

काकूंनी डब्यांमागून झारी काढली आणि काकांच्या हातात दिली. काकांनी ती अशी धरली की काकूंना भिंतीकडे तोंड करावं लागलं.

मग उरला तो साधा हिशोब. पाणी काकांकडेच राहणार, तेव्हा ज्यांना पाणी सोसत नाही त्यांनी जायला हवं. काकूंनी रोपवाटिकेवाल्याला टेम्पो घेऊन बोलावलं. खात्यापित्या घरची सगळी मंडळी निघाली. काकूंनी एकेकीचं पान पुसून दिलं. माणसांना निरोप देताना त्या कधी एवढ्या घोळल्या नव्हत्या. रोपवाटिकेवाल्याने धाकटीलाही हात घातला तेव्हा मात्र त्या मध्ये आल्या. तो अजिजीने म्हणाला, द्या काकू, मी डोळ्यांत तेल घालून सांभाळीन, वाटेल तेव्हा येऊन बघा. त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. काकूंनी ऐकलं नाही. हिला मी घरात ठेवीन, म्हणाल्या. दुसऱ्यांना अक्कल शिकवणारं माणूस स्वतःच्या लेकराजवळ आलं की मूर्ख होतं, त्यातलाच हा प्रकार.

धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या जाळीत, वरच्या फळीवर गेली. तिथे ऊन होतं आणि काकांची नजर तिथवर जात नव्हती. गच्चीवर काका दिवसातून चार वेळा वडांना आंघोळ घालत होते आणि वड ती मुकाट सोसत होते. हवा गार झाली तशी धाकटीने पानं गाळली. कुंडी मुळांनी अगदी भरून आली होती, म्हणून काकूंनी तिला उपसून मुळं छाटली आणि कोरड्या खड्यांत बसवली. खरं म्हणजे ही वेळ नव्हती, ऊन तापेपर्यंत थांबायला हवं होतं. पण घरात सगळंच हातातून निसटत असताना त्यांना एक तरी काम स्वतःच्या हाताने नीट करायचं होतं.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. काकूंनी तो काकांच्या कानाला लावला. काकांनी तिकडची हालहवाल शिष्टाचाराने विचारली आणि शेवटी म्हणाले, “आपण कोण बोलताय?” काकूंनी फोन घेतला, आतल्या खोलीत गेल्या आणि मुलीची समजूत काढत बसल्या. समजूत कसली, दोघी नुसत्या फोन धरून होत्या.

बाहेर आल्या तर काका स्वयंपाकघरात स्टुलावर चढलेले. एक हात जाळीत, दुसऱ्या हातात झारी. त्या हाक मारणार तेवढ्यात काका बोलायला लागले. झाडाशीच बोलत होते.

“धाकटे, तू इथे होय? आणि मी तुला वर शोधतोय.”

काकू दारातच थांबल्या. पोटच्या मुलीचं नाव ज्या डोक्यातून गेलं होतं, त्याच डोक्यात धाकटी शाबूत होती. काका किती दिवसांनी कुणालातरी ओळखत होते. तोंडभर हसत होते. झारी कलली, पाणी खड्यांतून झरझर खाली गेलं आणि जाळीतून ठिबकायला लागलं. एक शब्द टाकला असता तर पाणी थांबलं असतं, आणि ते हसूही. काकूंनी तो शब्द गिळला. एकदाच तर आहे, त्यांनी मनाला सांगितलं, आणि स्टूल धरायला पुढे झाल्या.

एकदाच राहिलं नाही. काकांना धाकटीचा पत्ता सापडला होता आणि बाकी सगळं विसरणारे काका तो विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. दर वेळी ‘तू इथे होय’ म्हणून तोच आनंद, अगदी ताजा. काकू स्टूल धरून उभ्या राहायच्या. काका झोपले की कुंडी तिरकी करून पाणी निथळवायच्या, पंख्याखाली ठेवायच्या. रोपवाटिकेवाल्याला फोन करायला हात जायचा आणि परत यायचा. धाकटी त्याच्याकडे गेली तर सकाळी काका कुणाला ओळखणार?

ऊन तापायला लागलं. वडांना लालसर कोंब आले. धाकटीला आले नाहीत. काकूंनी बुंधा दाबला आणि काय ते कळलं.

तरी प्रयत्न करायचा असतो. कुजलेला भाग कापत वर जायचं, आतलं मांस पांढरंशुभ्र लागलं की थांबायचं. तेवढं टोक जरी मिळालं तरी सुकवून पुन्हा लावता येतं. तसा बुंधा काकूंच्या हयातीत पुन्हा झाला नसता, पण झाड राहिलं असतं. त्यांनी गच्चीवर सतरंजी टाकली, मोठी सुरी स्पिरिटने पुसली. काका आपणहून समोर येऊन बसले आणि त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. छाटणीच्या वेळी ते नेहमी अशीच धरायचे.

बुंधा लोण्यासारखा कापला गेला. आत तपकिरी चिखल. काकूंनी सुरी पुसली, वर सरकल्या. तिथेही तपकिरी. फांद्यांच्या बेचक्यात तपकिरी. एकेक फांदी घेतली. कडा पांढऱ्या दिसायच्या आणि अगदी मधोमध मोहरीएवढा डाग असायचा, आणि डाग असला की ती फांदी संपली. प्रत्येक वेळी त्या सुरी पुसत होत्या, जसं काही पुढची फांदी त्यावरच अवलंबून होती. शेवटचा बोटभर तुकडा कापला. त्यातही डाग होता. काकूंनी सुरी खाली ठेवली.

काकांनी एक चकती उचलली. वास घेतला, अंगठ्याने दाबली, उन्हात धरली. आणि बघता बघता त्यांचा चेहरा पूर्वीचा झाला, चार गल्ल्यांचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाचा.

“पाण्याने गेलंय हे,” ते म्हणाले. आवाजात धार होती. “मुळं कापल्यावर पाणी दिलंय. कुणी केलं हे?”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. घरात दोघंच होती.

“मी,” त्या म्हणाल्या.

काका रागावतील असं त्यांना वाटलं, आणि ते रागवावेत असंही वाटलं. पण काकांनी चकती हलकेच सतरंजीवर ठेवली. काकूंचे मातीने भरलेले हात आपल्या हातात घेतले. किती महिन्यांत त्यांनी असं केलं नव्हतं.

“रडू नकोस. होतं असं माणसाच्या हातून,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी मला विचारत जा.”

“विचारीन,” काकू म्हणाल्या.