राइड कोण देणार?

इटली कॅन्सल झाली ती मे महिन्यात. दक्षिण इटलीत समुद्राच्या कडेने आणि ऑलिव्हच्या बागांमधून सायकलवर हिंडायचे, बरोबर वाटाड्या नाही, हातात फक्त नकाशा, सामान तेवढे गाडीने पुढच्या मुक्कामी जाऊन पडते, अशी ती सहल होती. मृणालिनीने वर्षभर तिची वाट पाहिली होती. पण विमाने पळवल्याच्या बातम्या होत्याच, त्यात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, आणि एका संध्याकाळी चारुदत्तने ऑफिसातून आल्या आल्या टाय सोडवत सांगितले, "कॅन्सल केलं. तिथली पालेभाजीसुद्धा खाऊ नका म्हणतात."

"मी पालेभाजी खायला जात नव्हते," मृणालिनी म्हणाली. पण वाद घातला नाही.

तिला खरोखर काय हवे होते, हे तिने अजून कोणाला सांगितलेले नव्हते. टेक्सासमधल्या प्लेनोत आल्यावर पहिल्याच वर्षी ती गाडी शिकली होती. परीक्षेच्या दिवशी महामार्गावर शिरण्याच्या उतारावर ती मधोमध थांबली; मागून हॉर्नचा गजर झाला, आणि तिला गाडी पुढे नेता येईना. पुन्हा ती गाडी चालवायला बसली नाही. त्या दिवसापासून 'राइड', म्हणजे कोणाच्या तरी गाडीतून जाणे-येणे, हा शब्द तिच्या आयुष्यात आला. भाजी आणायची तर राइड, दाताच्या डॉक्टरकडे जायचे तर राइड. लोक प्रेमाने द्यायचे. त्यांच्या प्रेमाला नावे ठेवायला जागा नव्हती. तरीही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती संपल्यावर तिची मैत्रीण शोभा हिने माइकवरून पुकारले, "मृणालिनीला आज कोण राइड देतंय? चारुदत्त डॅलसला अडकलाय, यार!" तेव्हा सभागृह हसले, आणि हातात प्रसादाची वाटी घेऊन मृणालिनीही हसली. त्या रात्री तिला झोप आली नाही.

कारण त्याच आठवड्यात गावच्या लायब्ररीने तिला नोकरी देऊ केली होती. पुणे विद्यापीठाची ग्रंथपालनाची पदवी इतकी वर्षे कपाटातल्या पातळांखाली पडून होती. लायब्ररीत ती मुलांना गोष्टी वाचून दाखवायला हौसेने जायची. तिथल्या प्रमुख मिस ग्रेगरींनी पुस्तकांची वर्गवारी करताना तिचा हात कसा चालतो ते पाहिले आणि सरळ विचारले. विचारल्यावर दुसरा प्रश्नही विचारला, "रोज येणार कशा? राइडची सोय आहे?"

"सायकलने जाईन," मृणालिनीने घरी सांगितले.

चारुदत्तने वर्तमानपत्र खाली ठेवले. "मृणाल, हे पुणं नाही. इथे सायकल पोरं चालवतात, तीसुद्धा घरासमोर. बाहेरच्या रस्त्यावर ट्रक असतात. वारा असतो. तू शेवटची टांग मारलीस त्याला किती वर्षं झाली?"

"सदाशिव पेठेतून गणेशखिंडीत रोज जात होते. साडी नेसून."

"वीस वर्षांपूर्वी!"

"मग जमतंय का ते बघू या. इटली नाही तर नाही, टेक्सासला समुद्र आहे ना?"

टेक्सासच्या किनाऱ्यावर हॉलिस नावाचे एक निवृत्त शिक्षक जोडपे इटलीसारखीच सहल करून द्यायचे. नकाशा द्यायचा, सामान पुढे न्यायचे, आणि कोणी दमलेच तर रस्त्यावरच्या फोनवरून कळवताच मिसेस हॉलिस व्हॅन घेऊन हजर. चारुदत्तने त्या व्हॅनवर बोट ठेवले. "ठरलं तर. संपूर्ण प्रवासात तू एकदाही ही व्हॅन बोलावली नाहीस, तर मी लायब्ररीबद्दल एक शब्द बोलणार नाही. बोलावलीस तर विषय संपला. कबूल?"

"कबूल," मृणालिनी म्हणाली. मिस ग्रेगरींना तिने सहल संपेल त्या शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

कॉलेजातून लेक उत्तरा हिचा फोन आला. "आई, आर यू क्रेझी?" आणि मग हळूच, "डोन्ट कॉल द व्हॅन, ओके?"

ऑक्टोबरात ते निघाले. पहिला दिवस सपाट गेला. कापणी झालेली कापसाची शेते, कुंपणापलीकडची गुरे, मधूनच खारट वास. सायकली दहा गिअरच्या होत्या आणि त्यावरून पहिल्या मैलातच मतभेद झाले. पुण्याच्या सायकलीला गिअर नव्हते. त्यामुळे मृणालिनीने नळीवरच्या गिअरच्या त्या दोन दांड्यांना हात लावायचा नाही असे ठरवून टाकले. सायकल ज्या गिअरमध्ये मिळाली, त्याच गिअरमध्ये ती चालवत राहिली. चारुदत्त मेकॅनिकल इंजिनिअर. रस्त्यात सुपारीएवढा उंचवटा दिसला तरी तो खटखट गिअर बदलायचा.

"अगं, ही दांडी कशासाठी दिलीय? शोभेला? हे बघ, उजवी दांडी मागे ओढायची. पेडलचं फिरणं सोडायचं नाही, फक्त जोर सोडायचा. जोर लावून गिअर बदलला की साखळी अडकते. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली आणि दांडीला हात लावला नाही.

दुपारी झाडाखाली बसून त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. उठून निघताना मृणालिनीने पुण्याच्या सवयीने सायकल रस्त्याच्या डाव्या बाजूने हाणली. वळणावर समोरून एक पिकअप ट्रक आला. ती कशीबशी कडेच्या गवतात उतरली. ट्रकवाल्याने थांबून "यू ऑल राइट, मॅम?" असे विचारले. ती ठीक होती. पण चारुदत्त सायकल टाकून धावत आला.

"बास. मी फोन करतो."

"तुम्ही करा. मी बोलावली नाही." तिने सायकल उचलून रस्ता ओलांडला आणि उजव्या कडेला उभी केली. "चूक कळली. आता पुन्हा होणार नाही." त्याने फोन केला नाही. पुढचे मैल तो तिच्या मागे राहिला आणि गाडीचा आवाज आला की "आली!" म्हणून ओरडत राहिला. त्या ओरडण्यातली काळजी तिला कळत होती, म्हणून तिला राग धरून ठेवता येईना.

शेवटच्या दिवशी सकाळपासून समुद्राचा वारा सुटला. रस्त्याच्या कडेची ओकची झाडे वर्षानुवर्षे त्याच वाऱ्यात वाढलेली. सगळीच्या सगळी समुद्राकडे पाठ करून वाकून उभी होती. समोर खाडीवरचा पूल दिसला. लांबच लांब, आणि मध्यावर बोटी खालून जाव्यात म्हणून चढवलेला. तीन दिवसांत दिसलेला तो एकुलता एक चढ. पलीकडे मुक्कामाचे गाव.

"आता तरी गिअर वापर," चारुदत्त म्हणाला आणि उदाहरण घालून द्यायला म्हणून पुढे झाला. पण वाऱ्याचा झोत अंगावर येताच तो पेडलवर उभा राहिला आणि सगळा जोर लावत त्याने दांडी ओढली. कड्कन आवाज झाला. साखळी दातांवरून उडून चाकाच्या तारांत जाऊन रुतली.

त्याने खूप खटपट केली. हात कोपरापर्यंत काळे झाले. गिअरचा पत्राच वाकला होता. पुलाच्या तोंडाशी मासेमारीचे गळ आणि आमिष विकणारे एक दुकान होते. दुकानाबाहेर फोन होता. चारुदत्तने फोनकडे पाहिले, मग बायकोकडे.

"डबलसीट येता?" तिने विचारले.

"पोलीस पकडतील," तो म्हणाला, आणि पुण्यात डबलसीट धरले जाण्याच्या आठवणीने दोघेही त्या वाऱ्यात मोठ्याने हसले. मग तो गंभीर झाला आणि स्वतःसाठी फोन करून आला. "मृणाल, वारा फार आहे. व्हॅन येतेच आहे, तर दोघंही जाऊ. ही व्हॅन तुझ्या नावावर धरणार नाही मी."

तिने पुलाकडे पाहिले. सवलत खरी होती, मनापासून दिलेली होती. पण नाव त्या सवलतीचेही राइडच होते.

"तुम्ही या," ती म्हणाली. "मी निघते." आणि तिने टांग मारली.

पहिल्या टप्प्यात वाऱ्याने तिला कठड्याकडे रेटले, मग तिने अंग वाऱ्याकडे कलते केले. गाड्या शेजारून गेल्या की सायकल थरथरायची. ती पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून उजव्या कडेने चालवत राहिली. चढ सुरू झाला. गणेशखिंडीच्या सवयीने ती पेडलवर उभी राहिली, तशी वाऱ्याला आणखी अंग मिळाले आणि सायकल जवळजवळ थांबली. मांड्या पेटल्या. मागे हॉर्न वाजला. तोच हॉर्न, महामार्गाचा तोच उतार, तेच मधोमध थांबणे तिच्या डोळ्यांसमोर आले, आणि एक पाय जमिनीकडे निघालाही.

आता थांबले तर पुन्हा निघणे नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. ती खाली बसली. चारुदत्तचे व्याख्यान कानात होते: फिरणे सोडायचे नाही, फक्त जोर सोडायचा. इतकी वर्षे तिने नेमके उलटे केले होते. जोर धरून ठेवला होता आणि फिरणेच सोडले होते. एका क्षणापुरता तिने पायांतला जोर काढून घेतला, उजवी दांडी अलगद मागे ओढली. साखळी किणकिणली, एक चकती चढली, आणखी एक. आणि पेडल हलके झाले! जणू कोणी मागून चढावर हात लावला होता. पाय भराभर फिरू लागले. वारा होता तसाच होता, चढ होता तसाच होता; पण ती चालली होती.

माथ्यावर पोहोचताच दोन्ही बाजूंना पाणीच पाणी उघडले. झिंग्यांच्या बोटी, त्यांच्यावर पेलिकन पक्ष्यांची रांग, आणि खाली सरळ उतरणारा रस्ता. मागच्या गाडीने पुन्हा हॉर्न दिला. मृणालिनीने वळून पाहिले तर एक म्हातारी काच खाली करून हसत, शाबासकीची मूठ उंचावत होती. मृणालिनीने ब्रेकवरचे बोट काढले. उतारावर ती ओरडली, काय ओरडली ते तिला नंतर आठवेना. पण मराठीत ओरडली.

पुलाच्या पायथ्याशी मिसेस हॉलिसची व्हॅन उभी होती. व्हॅन शेजारून केव्हा पुढे गेली, हे मृणालिनीला कळलेही नव्हते. टपावर चारुदत्तची सायकल उलटी बांधलेली, आणि काळ्या हातांनी तो रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

ती थांबली. धाप लागली होती, तरी विचारले, "काय हो, राइड कशी होती?"

चारुदत्तने हात जोडले. "गाडीत मिसेस हॉलिसनी मला विचारलं, तुमच्या बायकोला का नाही बसवलं? मी सांगितलं, तिला लागत नाही." मग म्हणाला, "आणि गिअर बदललास तू. माथ्याच्या अलीकडे. मी पाहिलं काचेतून."

"मास्तर चांगले होते. फक्त स्वतःचं ऐकत नाहीत."

मुक्कामाच्या घरी पोहोचल्यावर तिने तोंडसुद्धा धुतले नाही. दिवाणखान्यातल्या फोनवरून प्लेनोचा नंबर फिरवला. शनिवार होता, लायब्ररी उघडी होती. चारुदत्त शेजारच्या खुर्चीत फडक्याने हात चोळत बसला होता आणि ऐकत नसल्याचे सोंग करत होता.

"सोमवारपासून येते," मृणालिनी इंग्रजीत म्हणाली.

मिस ग्रेगरींना मनापासून आनंद झाला. "आणि राइड? कोण देणार?"

"राइडची गरज नाही. एकच विचारायचं होतं. तुमच्याकडे सायकल लावायला जागा आहे ना?"

बहुधा त्या लायब्ररीला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसावा. मिस ग्रेगरी फोन तसाच ठेवून बाहेर पाहायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांना जरा दम लागला होता.

"स्टँड नाही," त्या म्हणाल्या. "पण दारात झेंड्याचा खांब आहे."

"चालेल," मृणालिनी म्हणाली. "तिथेच लावते."