अशक्तपणाला टाचणी नसते

"पोरी, पोटाला लाज नसते. जुलाबाला जुलाबच लिही. तू गोड शब्द लिहिलास म्हणून रोग काही गोड होत नाही."

नोंदवही हाती देताना थोरली सिस्टर असं म्हणाली होती, त्याला नऊ वर्षं झाली. नर्सबाईंना ते पाठ होतं. सकाळी देवापुढे हात जोडल्याशिवाय दवाखान्याचं कुलूप काढायचं नाही आणि पहिली नोंद झाल्याशिवाय चहाला शिवायचं नाही, हा त्यांचा नेम. नेम कधी चुकला नाही. चुकली ती नोंद.

दवाखान्याच्या भिंतीवर वस्तीचा नकाशा होता. जुलाबाचा पेशंट आला की त्याच्या घरावर लाल टाचणी. दर शनिवारी डॉक्टरीणबाई नकाशापुढे उभ्या राहायच्या. टाचण्यांची दाटी दिसेल तिथे पाणी तपासायला माणूस जायचा.

नर्सबाईंची स्वतःची गल्ली मात्र कोरी होती. गल्लीतल्या बायका टेबलाशी वाकून कुजबुजायच्या, "अगं, तसलं काही लिहू नकोस हं. चार लोक म्हणतील, यांच्या घरात घाण." नर्सबाईंचं मन मऊ. त्या मीठसाखरेची पाकिटं द्यायच्या, पाणी उकळून प्या म्हणायच्या आणि आजाराच्या रकान्यात लिहायच्या, 'अशक्तपणा'. अशक्तपणाला टाचणी नसते.

तीन आठवड्यांपूर्वी थोरली जाऊही अशीच कुजबुजून गेली होती.

गेल्या शनिवारी तर डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत कौतुक केलं. "नर्सबाईंच्या गल्लीचा कित्ता गिरवा. तिथे मी तपासनिसाला पाठवतसुद्धा नाही." तेव्हा नर्सबाई हसल्या होत्या. ते हसू आता त्यांना आठवायलाही नको होतं.

कारण काल दुपारी जाऊ न्हाणीघराच्या दारातच कोसळली. आज सकाळी नर्सबाई इस्पितळात गेल्या, तर तिच्या हाताला सलाईन, डोळे खोल गेलेले. जिभेची धार तेवढी कायम.

"काय गं, माझं काय लिहिलं होतंस तेव्हा?"

"अशक्तपणा."

"वा! मग आता तुझी नोंद खरी झाली बघ. ग्लासही उचलवत नाही मला."

शेजारच्या खाटेवरची बाई फिस्सकन हसली. धरणीने पोटात घ्यावं, असं झालं नर्सबाईंना.

"वहिनी, चुकलं माझं."

"मीच सांगितलं होतं गं, लिहू नको म्हणून. पण मला काय कळतंय त्यातलं? तुला कळत होतं." जावेचा आवाज खाली आला. "आपल्या समोरची बाळंतीण आपल्याच नळाचं पाणी पितेय. जा तू. माझं नाव पहिलं लिही. आणि जुलाबच लिही, ठसठशीत. मग घरोघर जाऊन सांग, मोठ्या जावेला झालेत म्हणून. म्हणजे बाकीच्यांची तोंडं उघडतील. देतेस शब्द?"

"दिला."

दवाखान्यात येऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंपुढे वही उघडली आणि पाच आठवड्यांतले 'अशक्तपणा' एकेक करून बोटाने दाखवले. अकरा निघाले. डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उठल्या, अकरा टाचण्या टोचल्या. नकाशावर जमिनीखालच्या पाण्याच्या नळीची रेघ होती, तिच्यावरच त्यातल्या आठ टाचण्या ओळीने बसल्या.

"पाच शनिवार मी या गल्लीवरून नजर फिरवली, बाई," त्या एवढंच म्हणाल्या. मग फोन करून त्यांनी गल्लीचं पाणी बंद करायला सांगितलं. "जे इथे आलेच नाहीत, त्यांना दारात जाऊन विचारा. स्पष्ट विचारा."

नर्सबाईंनी जुनं खोडलं नाही. प्रत्येक 'अशक्तपणा'वर एक बारीक रेघ मारली, शेजारी खरा शब्द लिहिला, खाली सही केली. रेघेखालून जुना शब्द वाचता येत होता. राहू दे, त्या मनाशी म्हणाल्या. मग कोरं पान काढून आजची पहिली नोंद केली. जावेचं नाव, पुढे ठसठशीत जुलाब.

नेमाप्रमाणे आता चहा चालला असता. तो टेबलावर निवत होता. त्यांनी पिशवीत पाकिटं भरली, वही काखेत घेतली आणि खालमानेने, पण झपाझप, बाळंतिणीच्या दाराकडे निघाल्या.